पाय खोलात

९ एप्रिल २०२४, मंगळवार. गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एका वापरात नसलेल्या विहिरीत मांजर पडलं. विहिरीत पाण्याऐवजी बायोगॅससाठी सोडलेला शेणकाला होता. मांजराला काढायला एकजण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. असे एकामागून एक पाचजण गेले आणि पाचही जण दगावले. सहावा उतरला तेव्हा मात्र त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याला वर ओढता आलं. तो वाचला.

त्या बातमीनंतर चावडीपासून एसटीच्या बाकापर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं : ‘खाली ओढून घेतलं हो.’ आपली भाषाही तेच सांगते. पाय खोलात जातो, माणूस गाळात जातो, कर्णाच्या रथाचं चाक भूमी गिळते. या सगळ्यात करणारा चिखल असतो आणि सोसणारा माणूस. चिखलाला तोंड आहे, भूक आहे, ओढण्याची ताकद आहे, असं आपण धरूनच चालतो. सिनेमावाल्यांनी त्यावर कळस चढवला. खलनायक छातीपर्यंत जातो, मग हनुवटीपर्यंत, शेवटी वाळूवर नुसती टोपी उरते.

चिखल खरंच ओढतो का? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याचं नीट उत्तर मिळायला विसाव्या शतकाची पंचविशी उजाडावी लागली, आणि उरलेला अर्धा भाग हाती यायला २००५ साल. उत्तर शोधणारे दोघे होते. एक इस्तंबूलला भंगार गोळा करत होता, दुसरा इराणात मिठाच्या सरोवराकाठी भटकत होता.

पहिल्याचं नाव कार्ल टेर्झागी. जन्म १८८३, प्राग. शिक्षणाने यंत्र-अभियंता, पण बांधकामाच्या कामांवर फिरताना त्याला एक गोष्ट खुपायला लागली. पूल कसा बांधायचा, कमान कशी पेलायची याची गणितं होती. ज्या मातीवर ते सगळं उभं राहायचं, तिचं गणित कोणाकडेच नव्हतं. धरण फुटलं, भिंत खचली, की ‘जमीन वाईट लागली’ म्हणून मोकळं व्हायचं. १९१६ साली तो इस्तंबूलच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकवायला गेला. महायुद्ध संपलं, हरलेल्या बाजूच्या माणसाची नोकरी गेली. बॉस्फरसच्या काठावरच्या रॉबर्ट कॉलेजने त्याला ठेवून घेतलं. पगार बेताचा, प्रयोगशाळा नाहीच. एके दिवशी त्याने एका कागदावर मातीबद्दल काय काय मोजायला हवं याची यादी केली आणि कॉलेजच्या भंगारात हात घातला. तिथे जे मिळालं त्यातून त्याने आपली उपकरणं जुळवली.

त्याला जे दिसलं ते नगर जिल्ह्यात नदीच्या पात्रात झिरा खोदणाऱ्या कोणालाही दिसतं. सीना आटली, मुळेचं पात्र कोरडं पडलं, की पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत खड्डा घेतात. वरची वाळू पायाखाली टणक असते, बैलगाडी जाईल इतकी. दोन हात खाली गेलं की ओल लागते, आणखी खाली गेलं की पाणी. मग तळाशी मजा सुरू होते. पाणी खालून वर येतं, वाळूचे कण त्याच्याबरोबर नाचायला लागतात, भाताला उकळी फुटावी तशी. त्या उकळीत पाय ठेवा, घोट्यापर्यंत सरकन आत जातो. हातभर बाजूला तीच वाळू दगडासारखी. तीच, म्हणजे अगदी त्याच नदीची, त्याच जातीची.

टेर्झागीच्या आधी रुतणारी वाळू ही वाळूची वेगळी जातच आहे, तिचे कण गोल आणि गुळगुळीत असतात, असा समज पक्का होता. त्याने तो उलटवला. वाळूवर उभ्या राहिलेल्या माणसाचं वजन दोघे मिळून पेलतात : कणावर टेकलेला कण, आणि कणांमधल्या फटीत भरलेलं पाणी. कण एकमेकांवर जितके दाबून बसतील तितकी जमीन टणक. पाण्याचा दाब वाढला तर ते कणांना एकमेकांपासून उचलतं. पाणी खालून पुरेशा जोराने वर आलं, की त्याचा रेटा पाण्यात बुडालेल्या वाळूच्या वजनाइतका होतो. त्या क्षणी कण कणावर टेकतच नाही. मीटरभर जाडीच्या वाळूच्या थराखाली पाण्याची पातळी वरच्यापेक्षा साधारण मीटरभर चढी असली, एवढंच पुरतं. मग कुठलीही वाळू द्रवासारखी वागते. रुतणं ही वाळूची जात नव्हतीच, ती वाळूची अवस्था होती. आणि अवस्था येते तशी जाते.

१९२२ साली त्याने बंधाऱ्यांच्या पायाखालून पाणी कसं वाट काढतं आणि त्यांना कसं उखडतं, यावर लिहिलं. १९२५ मध्ये व्हिएन्नात त्याचं मोठं पुस्तक आलं आणि मृदा-यांत्रिकी नावाचं शास्त्र उभं राहिलं. हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याकडच्या मातीच्या धरणांकडे बघावं. पैठणचा जायकवाडीचा बांध जवळपास दहा किलोमीटर लांब, मातीचा. राहुरीजवळचं मुळा धरणही मातीचंच. अशा धरणातून पाणी थोडंफार झिरपतंच. ते माती घेऊन बाहेर पडू नये म्हणून आत बारीक वाळू, मग जाड वाळू, मग खडी असे गाळणीचे थर घालतात. थरांच्या जाडीबारकाईचं माप टेर्झागीनेच बसवून दिलं. म्हणून धरणाच्या किंवा कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कोरड्या जागी वाळूची छोटी उकळी फुटलेली दिसली, वाळूचं वारुळासारखं बोंड दिसलं, तर त्यात पाय घालून बघायचं नसतं. तिथून मागे फिरायचं आणि पाटबंधारेवाल्यांना कळवायचं. ती उकळी माणसापेक्षा धरणाला जास्त धोक्याची असते.

टेर्झागीने वाळू का हरते ते सांगितलं. माणूस तिच्यात किती खोल जाईल, हे मात्र त्याने मोजलं नव्हतं. त्याचं काम धरणांशी होतं.

दुसरा माणूस म्हणजे डॅनियल बॉन, ॲमस्टरडॅम विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ. दही, रंग, चिखल, फेस अशा, घट्ट म्हणावं की पातळ ते न कळणाऱ्या पदार्थांचा अभ्यास हा त्याचा धंदा. इराणात कोम शहराजवळच्या मिठाच्या सरोवराकाठी तो फिरत असताना तिथल्या मेंढपाळांनी त्याला अडवलं. पुढे जाऊ नका, म्हणाले. वाळू रुतवते, उंटच्या उंट गडप झालेत. हे ऐकून बहुतेक प्रवासी मागे वळले असते. बॉनही वळला, पण थोडी वाळू बरोबर घेऊन. (मला हा माणूस आवडतो तो यासाठी. मेंढपाळांना त्याने अडाणी ठरवलं नाही आणि त्यांचं म्हणणं जसंच्या तसं गिळलंही नाही.)

ॲमस्टरडॅमला त्या नमुन्यात तीन गोष्टी सापडल्या : बारीक वाळू, चिकणमाती आणि खारं पाणी. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच मिश्रण प्रयोगशाळेत बनवलं. न हलवता ठेवलं की ते घट्ट बसायचं. चिकणमातीचे पापुद्र्यासारखे कण एकमेकांना कडेने टेकून पत्त्यांचा बंगला उभा करतात, त्याच्या खोल्यांमधून पाणी आणि वाळू अडकून राहते. वरून जमीन भक्कम दिसते. पण जरासा धक्का दिला, की बंगला कोसळतो आणि मिश्रण एकदम पातळ होतं. विरजलेलं दही ढवळल्यावर होतं तसं, फक्त किती तरी पटींनी जास्त. मग वाळू खाली बसते, पाणी वर येतं. आणि खाली बसलेली वाळू आधीपेक्षा घट्ट, कण कणाला भिडलेली असते. मीठ या कोसळण्याला मदत करतं.

आता उंट. त्यांच्या जागी बॉनने मणी वापरले. मिश्रणावर ॲल्युमिनियमचा मणी ठेवला. तो पाण्याच्या २.७ पट जड, वाळूच्या त्या राड्यापेक्षाही जड. पण नुसता ठेवला तर तो वर बसून राहिला. भांडं हलवलं आणि तो गेला तळाला. मग दुसरा मणी, पाण्याइतक्याच घनतेचा, म्हणजे माणसाच्या शरीराएवढ्या. भांडं कितीही हलवलं तरी हा मणी पूर्ण बुडाला नाही. निम्मा आत, निम्मा बाहेर.

मग हिशेब सरळ होता. त्या वाळूची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट. माणसाची पाण्याइतकी. आर्किमिडीजला हाताशी धरलं तर माणूस तिथे कमरेच्या आसपास थांबायला हवा. त्याखाली त्याला वाळूच जाऊ देणार नाही. २९ सप्टेंबर २००५ च्या ‘नेचर’मध्ये हा निबंध छापून आला. टोपी तरंगणारा सिनेमा त्या दिवशी संपायला हवा होता.

पण निबंधात आणखी एक आकडा होता. रुतलेला पाय सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने वर ओढायचा असेल, तर सुमारे १०,००० न्यूटन जोर लागेल. म्हणजे एक टन वजन, मध्यम आकाराची मोटार उचलण्याएवढा. कारण पायाभोवतीची वाळू आता घट्ट बसली आहे, आणि पाय उचलला की तळव्याखाली पोकळी होते. तिच्यात पाणी पटकन शिरू शकत नाही. ओढणारा गाळ नसतो. पोकळी भरायला वेळ लागतो आणि आपण तो देत नाही.

नगर जिल्ह्यात कुठलीही अडलेली वस्तू दिसली की पहिला विचार येतो ट्रॅक्टरचा. दोर बांधा, गिअर टाका, निघतंय. म्हैस रुतली तरी तेच. पण कमरेएवढ्या रुतलेल्या माणसाला ट्रॅक्टरने किंवा जेसीबीने ओढलं, तर तुटेल तो दोर तरी किंवा माणूस तरी. वाळू जागची हलणार नाही. खांदे, गुडघे, कंबर, सगळं तिथे पणाला लागतं. बॉनने सांगितलेली सुटका याच्या अगदी उलट आहे. आधी थांबायचं. खांद्यावरची पिशवी, हातातलं ओझं फेकून द्यायचं. पाय एका जागी हळूहळू, गोल गोल हलवत राहायचं, म्हणजे पाणी खाली उतरून पायाभोवती जागा होईल. चप्पल किंवा गमबूट अडकला असेल तर त्याचा मोह सोडायचा. आणि मागे रेलायचं, पाण्यावर पाठ टेकून तरंगतो तसं, हात पसरून. अंग जितकं पसरेल तितकं वजन वाटलं जातं. मग एक पाय, मग दुसरा. याला अर्धा तास लागेल, तास लागेल. तेवढ्या वेळात घाबरून झटके दिले, की प्रत्येक झटक्याला पत्त्यांचा बंगला पुन्हा कोसळतो आणि वाळू आणखी घट्ट होते.

इंग्लंडच्या मोरकॅम्ब खाडीवर भरती-ओहोटीच्या वाळूत माणसं दरवर्षी अडकतात. तिथले बचाव करणारे लोक एक बारीक नळी रुतलेल्या पायाच्या कडेने खाली घालतात आणि तिच्यातून पाणी सोडतात. पोकळी भरते, वाळू पुन्हा पातळ होते, पाय बाहेर येतो. विहिरीवर मोटर आणि शेतात पाइप नाही असा शेतकरी आपल्या जिल्ह्यात क्वचित. तरीही हे काम प्रशिक्षित माणसाने करायचं. सांगायचा मुद्दा इतकाच, की ओढण्यापेक्षा पाणी घालणं शहाणपणाचं असतं, हे गावात कोणाला सुचतच नाही. त्याच खाडीत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपल्या गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर गेले. त्यांना वाळूने मारलं नाही, भरतीने मारलं. कमरेला अडकलेल्या माणसाला वाळू धरून ठेवते आणि मारायला दुसरंच कोणी येतं.

आपल्याकडे भरती नाही. आवर्तन आहे. भंडारदरा-निळवंड्यातून प्रवरेला पाणी सुटतं, नाशिकच्या धरणांमधून गोदावरीला. उन्हाळ्यात कोरड्या वाटणाऱ्या पात्रात काही तासांत पाणी चढतं. आणि उन्हं आहेत. एप्रिल-मेमध्ये शेवगावच्या बाजूने नाथसागराच्या काठावर दुपारी दोन तास उघड्यावर अडकलेला माणूस चिखलाने नाही, उष्माघाताने जाईल. त्याच्या डोक्यावर ओला रुमाल टाकणं आणि घोट घोट पाणी देणं हाही बचावच असतो.

नाथसागराबद्दल, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाबद्दल, थोडं सांगायला हवं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. धरण पैठणला, पण पाणी फुगलं ते शेवगाव आणि नेवासा तालुक्यांपर्यंत. जलाशय उथळ आणि पसरट, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. उथळ असल्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी काठ खूप मागे सरकतो आणि मैलोगणती गाळ उघडा पडतो. त्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. पाणी जसं हटेल तसं बी टाकत पुढे सरकायचं. गाळ सुपीक, खत नको, पाणी नको. हाच गाळ इतर धरणांतून आणि तळ्यांतून काढून शेतात टाकायला सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजनाच काढली.

पण तो काळ्या मातीचा गाळ आहे, बेसाल्टच्या खडकातून आलेला, पाणी पिऊन फुगणारा. वर उन्हाने पापुद्रा धरतो, भेगा पडतात, टाइल्स बसवल्यासारखा दिसतो. खाली हात-दोन हात लोण्यासारखा मऊ. इराणच्या वाळूइतका तो जड नसतो. त्यामुळे ‘माणूस कमरेपर्यंतच जातो’ हा दिलासा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. गाळात जितकं पाणी जास्त, तितका तो हलका आणि माणूस तितका खोल. वाळूउपशाचे जुने खड्डे तर आणखी वाईट. प्रवरा-गोदावरीच्या पात्रात पुराने ते पातळ गाळाने भरून टाकलेले असतात. वरून सपाट पात्र दिसतं, आत पुरुषभर खोल.

आणि वाकडीची विहीर या रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला. शेणकाला जवळपास पाण्याइतकाच हलका. त्यात बॉनचा मणी अर्धा वर राहणार नाही. शिवाय कुजणाऱ्या शेणातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. बंद खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला, तर माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडू शकतो, आणि जास्त प्रमाणात तो नाकालाच बधिर करतो, वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं ते तेव्हाच. अशा खड्ड्यात पोहणारा आणि न पोहणारा सारखेच. तिथे उतरायचंच नसतं. हवेचा मास्क घेतलेले अग्निशमनवाले येईपर्यंत वरून दोर, शिडी, बांबू, बाज, जे मिळेल ते खाली सोडायचं आणि ११२ लावायचा. हे लिहिणं सोपं आहे, मलाही कळतं. घरचं माणूस डोळ्यांदेखत खाली जात असताना काठावर थांबणं ही शिकवून येणारी गोष्ट नाही. पण पाचांपैकी प्रत्येकजण आधीच्याला वाचवायलाच उतरला होता.

त्यानंतर दीडेक महिन्याने, २३ मे २०२४ ला, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाला शोधायला आलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. तिथे चिखल नव्हता, पाण्याचा भोवरा होता. पण ती शिकलेली, पोहणारी माणसं होती. पाणी आणि गाळ यांना कोण कशासाठी आलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

शोधकथेत शेवटी एखादं यंत्र हाती लागावं अशी वाचकाची अपेक्षा असते. इथे लागते ती पाच-सहा फुटांची काठी. मेंढपाळाच्या खांद्यावर ती आधीच असते. पाऊल टाकण्याआधी ती टोचायची. पापुद्र्यावर टक्क वाजली आणि मग खस्सकन गेली, तर खाली पोकळ आहे. रुतलात तर हीच काठी पाठीखाली आडवी घ्यायची, की ती तराफ्यासारखी पाठीला आधार देते. दुसऱ्याला काढायचं असेल तर स्वतः गाळावर उभं राहायचं नाही. फळी, पत्रा, बाज टाकून त्यावर पोटावर झोपायचं, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब पुढे ढकलायची, आणि आपल्या कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात द्यायचं. एकट्याने जायचंच नाही. दोघांनी जायचं, तेही एकमेकांपासून अंतर ठेवून, म्हणजे एकाच वेळी दोघे फसणार नाहीत.

आता त्या इराणी उंटांचं बघू. बॉनच्या हिशेबाने उंटही बुडायला नको. त्याचीही घनता पाण्याच्याच आसपास. मग मेंढपाळ खोटं बोलत होते? मला तसं वाटत नाही. चारही पाय पोटापर्यंत रुतलेला उंट उन्हात उभा राहत असणार, एक दिवस, दोन दिवस. परत आलेल्या माणसाला तिथे काय दिसलं असेल, ते गिधाडांना ठाऊक. मेंढपाळांनी गडप झाला म्हटलं ते परिणामाबद्दल, आणि परिणाम त्यांना कोणाहीपेक्षा जास्त माहीत होता. कारण तेवढं ॲमस्टरडॅमला सापडलं.

मेच्या अखेरीस गाळपेरीच्या पट्ट्याच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला कधी गेलात तर पापुद्र्यावर शेळ्यामेंढ्यांच्या खुरांचे ठसे बघा. पाण्याकडे सरळ जाणारी ओळ एखाद्या ठिकाणी बाजूला सरकते, मोठा वळसा घेते आणि दूरवर जिथे खडक उघडा पडलाय तिथून पाण्याला लागते. वळशाच्या आतला गाळ वाळलेला, सपाट आणि सगळ्यात जवळच्या वाटेचा दिसतो. त्याच्यावर एकही ठसा नसतो.